उंदरांचा एक्स-रे परभणीला आला

हैदराबादला गेलेली माणसं येताना मोती आणतात, लाखेच्या बांगड्या आणतात, निदान बिस्किटांचा पुडा तरी आणतात. आम्ही दोघी बायका उंदरांचा एक्स-रे काढायचं मशीन घेऊन आलो. परभणीत ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग विचारलं, "उंदरांचा?" होय, उंदरांचा. आता काही वर्षं झाली तरी लोक विचारतात, आणि मलाही सांगायचा कंटाळा येत नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळा प्रवास लिहूनच काढावा.

मी इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवते. लोक मला खंदारेबाई म्हणतात. मोडलेलं हाड कसं जुळतं हा माझा विषय. देशमुखबाई शेजारच्या गृहविज्ञान महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवतात. नुसत्या ज्वारीवर वाढलेल्या उंदराची हाडं आणि ज्वारीबरोबर पालेभाजी न् दूध मिळालेल्या उंदराची हाडं यांत काय फरक पडतो, ते त्या बघतात. दोघींचे उंदीर एकाच पत्र्याच्या खोलीत शेजारी शेजारी राहायचे, म्हणून आमची ओळख. बाकी त्या जिंतूरकडच्या मोठ्या जमिनीच्या घरातल्या, मी एका शाळामास्तराची मुलगी, घरात सत्तावन्नपासून बुद्धवंदना चालते.

आमच्याकडे एक्स-रे मशीन नव्हतं असं नाही. होतं, पण ते बैलांसाठी. त्याच्यापुढे उंदीर ठेवला की फोटोत पिंजलेल्या कापसाचा बोळा दिसायचा. मग एकच मार्ग उरायचा: उंदीर मारायचा आणि हाड काढून बघायचं. हाड आठवड्या-आठवड्याला कसं जुळत जातं ते बघायचं तर आठवड्या-आठवड्याला उंदीर मारायचे, आणि बघितलेला प्रत्येक उंदीर वेगळाच. मला ते आवडत नव्हतं. लोकांना मी सांगायची की यातून खरं उत्तर मिळत नाही. ते खरंच होतं. पण मारताना हाताला बरं वाटत नव्हतं, हेही खरं होतं.

त्या वर्षी कळलं की हैदराबादच्या एका संशोधन संस्थेला परदेशातून नवीन यंत्र येतंय, आणि जुनं, चांगलं चालणारं, लहान प्राण्यांचं एक्स-रे मशीन ते कुणाला तरी देऊन टाकणार आहेत. अट एकच. एका संस्थेला मिळणार नाही. दोन-तीन जणांनी मिळून वापरणार असाल तरच. मी आणि देशमुखबाई एक झालो, शेजारच्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर तिसरे झाले, आणि दिवाळीची सुट्टी संपता संपता आम्ही दोघी रात्रीच्या गाडीनं निघालो. महाविद्यालयाची मॅटाडोर घेऊन ड्रायव्हर करीमभाई मागून रस्त्यानं यायचे होते.

हैदराबाद

आमच्या वडिलांची शाळा उर्दूतून झाली. घरात कुणी शहाणपणा करायला लागलं की ते म्हणायचे, हैदराबाद बघितलंय का? तर ते मी आता बघितलं. रस्ते रुंद आहेत, माणसं सावकाश आहेत आणि बोलण्यात गोडवा इतका की रिक्षावाल्यानं लांबून फिरवून आणलं तरी राग येत नाही. सकाळी सकाळी तिथं खिचडी खातात, सोबत चिंचेचं आंबट पाणी. आपल्याकडे खिचडी म्हणजे तापातून उठलेल्या माणसाचं खाणं. देशमुखबाईंनी आधी नाक मुरडलं, मग दोन वेळा आंबट मागून घेतलं, आणि संस्थेच्या फाटकापर्यंत मला त्यातल्या पोषणमूल्यांवर व्याख्यान दिलं.

संस्थेचे प्रमुख रावसाहेब साठीकडे झुकलेले, पांढऱ्या मिशा, अंगावर कोट. मशीन म्हणजे लोखंडी कपाटाचा खालचा अर्धा भाग कापून ठेवावा तेवढं. दार उघडलं की आत तीन खाचा. वरून किरण येतात, मधल्या खाचेत एक पातळ काळी पाटी सरकवायची, तिच्यावर गुंगी दिलेला उंदीर झोपवायचा, आणि सगळ्यात खालच्या खाचेत फिल्म. रावसाहेबांनी आमच्यासमोर एका उंदराचा फोटो काढला. तो ओला फोटो त्यांनी खिडकीशी धरला आणि मी पुढे होऊन पाहिलं. बरगडी न् बरगडी वेगळी. शेपटीचे मणी माळेत ओवल्यासारखे. आणि मागच्या पायाचं हाड मध्ये मोडून जुळत आलेलं, जुळलेल्या जागी फुगीर गाठ. इतकी वर्षं जी गाठ मी मेलेल्या उंदरांत शोधत होते, ती मी जिवंत उंदराच्या पायात पाहत होते. थोड्या वेळानं तो उंदीर उठला आणि पिंजऱ्यात लंगडत फिरायला लागला.

रावसाहेब हुशार. आमच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं की आता या बाया हलत नाहीत. चहा मागवला आणि मग मूळ मुद्द्यावर आले. "तुम्हारे मराठवाडे में वो नाम का झगड़ा चल रा ना, युनिवर्सिटी का? एक नाम पे तुम लोगां इत्ते सालां से लड़ रे. एक मशीन तीन जने कैसा बाँटते?"

मला राग आला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं, ही नामांतराची बाजू मी घेतलेली होती, मोर्च्यात चालले होते, आणि त्या नावापायी आमच्या माणसांनी काय सोसलं ते मला ठाऊक होतं. ते काही भांडकुदळ लोकांचं भांडण नव्हतं. पण शेजारी देशमुखबाई बसल्या होत्या. त्यांचे भाऊ दुसऱ्या बाजूचे, हेही मला माहीत होतं. इतकी वर्षं एका खोलीत उंदीर सांभाळले, पण त्या विषयाला दोघींपैकी कुणीही हात घातला नव्हता. आता तो तिसऱ्याच माणसानं टेबलावर आणून ठेवला.

मी तोंड उघडायच्या आत देशमुखबाईच बोलल्या. त्यांचं हिंदी म्हणजे जिंतूरच्या बाजारातलं. "साब, हमारे घर में चूल एकच है और बहुवां चार. झगड़ा होता. पर खाना टाइम पे होता."

रावसाहेब हसले, पण अट ठेवलीच. महिन्याभरात ते स्वतः परभणीला येऊन बघणार. मशीन नीट बसवलेलं दिसलं, फोटो स्वच्छ निघाले, तर ते आमचं. नाहीतर पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरातल्या संस्थेची मागणी त्यांच्याकडे आलेलीच होती, ते लोक दुसऱ्या दिवशी ट्रक पाठवायला तयार होते. निघताना त्यांनी दोन गोष्टी हातात दिल्या. एक तो लंगडा उंदीर, जोडीदारासकट. दुसरी ती काळी पाटी. ही इकडे कुठे मिळत नाही, हिला तडा गेला तर मशीन म्हणजे लोखंडी पेटी, असं त्यांनी दोनदा बजावलं. देशमुखबाईंनी पाटी आपल्या शालीत गुंडाळली आणि छातीशी धरली.

अहमदपूरच्या पुढे

परतीची बैठक अशी: पुढे करीमभाई, त्यांच्या शेजारी पाटी मांडीवर घेतलेल्या देशमुखबाई, आणि खिडकीशी पिंजरा मांडीवर घेतलेली मी. मागे मशीन, भोवती कडब्याच्या पेंढ्या आणि दोन गाद्या. करीमभाईंनी गाडी अशी चालवली की जणू आत नवरी बसवलीय. खड्डा दिसला की आधी मागे वळून मशीनकडे बघायचे, मग खड्ड्याकडे. मी म्हटलं, करीमभाई, उलटं केलं तर बरं.

बिदरच्या पुढे लाल माती संपली, उदगीरला दुकानदार मराठीत बोलायला लागला, आणि अहमदपूर मागे पडेपर्यंत आम्हाला घरी पोचल्यासारखंच वाटत होतं. तिथून गंगाखेडच्या रस्त्याला वळलो तर पुढे गाड्यांची रांग. रास्ता रोको. कशासाठी विचारलं तर एकानं सांगितलं नामांतर व्हावं म्हणून, दुसऱ्यानं सांगितलं होऊ नये म्हणून. दोन पोरं गाडीशी आली, ताडपत्री उचलून बघितली आणि विचारलं, "काय हाय आत? कोण्या विद्यापीठाचं हाय?"

देशमुखबाई म्हणाल्या, "परभणीचं हाय. उंदराचा एक्स-रे काढायचं मशीन."

पोरं इतकी हसली की त्यातल्या एकाला रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. तेवढ्यात माझ्या मांडीवरच्या पिंजऱ्यातून लंगडा उंदीर पुढचे दोन पाय जाळीला लावून उभा राहिला. मग काय विचारता. पाच-पंचवीस माणसं उंदीर बघायला आली, दोन्ही बाजूंची असावीत. रस्ता मात्र उघडला नाही. संध्याकाळपर्यंत उघडायचा नाही, लोह्यावरून पालमला निघा, असा सल्ला एका म्हाताऱ्यानं दिला आणि करीमभाईंनी गाडी वळवली.

रस्ता म्हणजे नुसती खडी. खरं सांगते, सरळ थांबून राहिलो असतो तरी चाललं असतं. पण पालमला माझी अक्का राहते, म्हणून मीच लावून धरलं की जाऊ. पुढे ते माझ्या मनाला फार लागलं, म्हणून इथं लिहून ठेवते.

पालम

दोन्ही बाजूंना काळं रान, गुडघ्याएवढी शाळू, मध्येच पिवळी फुललेली तूर. पालम तसं लहान गाव, एसटी स्टँड, दुकानांची एक ओळ, की संपलं. तिथं पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. गाडीच्या चाकावरची कमान कुरकुरत होती म्हणून करीमभाई तिच्याखाली शिरले आणि आतूनच म्हणाले की आज पुढे जाणं नाही.

आमच्या अक्काचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं, अंगणात शेवग्याचं झाड. दाजी तिथल्या शाळेत मास्तर. आम्हाला बघून तिला आनंद झाला, आणि पिंजरा बघून त्याहून जास्त. शेजारच्या बायका जमल्या. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला की हे उंदीर आपण पाळतो, खाऊ घालतो, त्यांची हाडं बघतो. अक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे उंदरं पाळायला सरकार पगार देतंय," ती म्हणाली. "आन आमी इकडं फुकट पोसायलाव."

देशमुखबाई एवढ्या हसल्या की शालीतली पाटी दोन्ही हातांनी सावरावी लागली. त्या पहिल्यांदा माझ्या माणसांच्या घरात बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते, हे कबूल करते. कुठे बसतात, पाणी कसं घेतात. त्यांनी पाटी कोनाड्यात ठेवली, हातपाय धुतले आणि चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला बसल्या. अक्कानं काही म्हटलं नाही, फक्त परात त्यांच्याकडे सरकवली. त्यांची भाकर मोठी, परातीएवढी. जिंतूरकडे तशीच करतात. अक्काची लहान आणि जाड. दोघींनी एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवली आणि तिथून त्यांचं जमलं.

जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ठेचा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. हैदराबादच्या चार दिवसांनंतर त्या आमटीचा पहिला घास घेतला आणि कान गरम झाले. जेवता जेवता देशमुखबाईंनी सहज विचारलं, की पालमला किती वर्षं झाली, आधी खेड्यावर राहत होतात ना, तिथलं घर विकलं का?

"इकलं न्हाई," अक्का म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर साली जाळलं."

नामांतराच्या दंगलीचं साल. तिनं ते ठेचा वाढता वाढता सांगितलं. देशमुखबाईंचा हात ताटातच राहिला. दाजी खाली बघत होते. मला वाटलं, आता हे जेवण इथंच संपणार.

"खावा ना," अक्का म्हणाली. "आमटी गार व्हायली."

देशमुखबाईंनी अक्कापुढे ताट धरलं आणि अजून एक भाकर मागितली, अक्काच्या हातची. त्या विषयावर त्या दिवशी एवढंच झालं. पण इतकी वर्षं आम्ही ज्याच्या कडेकडेनं चाललो होतो, ते बोललं गेलं होतं, आणि त्यानंतरही आम्ही एका ओळीत जेवत होतो. मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटला, आणि देशमुखबाईंचाही.

सकाळी निघताना अक्कानं भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि मशीन काही आत आणता येत नव्हतं म्हणून अंगणात येऊन, गाडीसमोर हात जोडून त्रिशरण म्हटलं. मीही म्हटलं. करीमभाई टोपी नीट करून उभे राहिले. देशमुखबाई गाडीत बसल्या होत्या, मांडीवरच्या पाटीवर दोन्ही हात ठेवून, आणि आमच्याकडे बघत होत्या.

गंगाखेडची वाट

गंगाखेड जवळ आलं की शेतं बदलतात. ऊस सुरू होतो, हवा ओली लागते आणि रस्त्यावर उसाच्या गाड्यांची माळ. तिच्या मागे आम्ही बैलांच्या चालीनं चाललो होतो. एका गावाच्या वेशीपाशी इंजिन तापलं म्हणून करीमभाईंनी गाडी थांबवली आणि पाणी आणायला गेले. समोर मारुतीचं लहानसं देऊळ. देशमुखबाई म्हणाल्या, पाय मोकळे करून येते. पाटी त्यांच्या काखेत. मी म्हटलं, ती तरी ठेवा, मी बघते. त्या म्हणाल्या, नको, तुमच्याकडे उंदीर आहेत. आणि पाटीसकट देवळात गेल्या.

मी त्यांना चिडवलं. मशीनला घेऊन जाता येत नाही म्हणून पाटीला दर्शन का, असं काहीतरी बोलले. त्या गाडीत बसल्या आणि शालीची गाठ पुन्हा मारली.

मग गंगाखेड, स्टँडसमोरचा गुळाचा चहा, आणि गोदावरीचा पूल. पाणी निळं आणि संथ, वाळूत टरबुजांची आळी करत माणसं वाकलेली. पुलावरून जाताना मला रावसाहेबांची ती पांढरी मिशी आठवली आणि मनात म्हटलं, बघा, आणलं की नाही.

परभणी

फाटकाशी विद्यार्थी उभे होते. आठ जणांनी मशीन उतरवलं, जागेवर बसवलं, बैलांच्या एक्स-रेवाल्या खोलीशेजारी. वीज जात-येत होती, ती स्थिर झाली तेव्हा चार दिवस गेले होते. पहिला मान लंगड्या उंदराला. त्याला गुंगी दिली, पाटीवर झोपवलं, दार लावलं, कळ दाबली. फोटो धुवून मी खिडकीशी धरला.

पाय दिसत होते. शेपटीचे मणी दिसत होते. आणि पोटाच्या मधोमध, कण्यावर, एक पांढरा डाग. बोटाएवढा लांबट, वर रुंद, खाली निमुळता. त्याच्यामागे कणा गायब.

दुसरा फोटो काढला. डाग तिथंच. जोडीदार उंदराचा काढला, त्याच्याही पोटात तोच डाग. आमचे विभागप्रमुख येऊन बघून गेले आणि म्हणाले, पाटीला आतून तडा गेला असेल, किंवा आतली नळीच हलली असेल. प्रवासात हिसका बसला. प्रवासात. लोह्यावरून पालमची ती खडी. सरळ रस्त्यानं संध्याकाळी निघालो असतो तर काय बिघडणार होतं? मी घरी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी रावसाहेबांची तार आली: ठरलेल्याआधीच येतोय, गुरुवारी.

देशमुखबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की चूक कुणाची नाही. त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांच्या ज्वारीच्या उंदरांची एक पिढी पिंजऱ्यात वाट बघत होती. मशीन गेलं तर तीही मारून बघावी लागणार.

बुधवारी सकाळी मी एकटी मशीनपुढे बसले. राग आला की मला नीट सुचतं, हा माझा अनुभव आहे. म्हटलं, नळी बिघडली असेल तर डाग पेटीच्या एकाच जागी पडेल, आत काहीही ठेवा. पाटी मी चार बोटं डावीकडे सरकवली, उंदीर होता तिथंच ठेवला आणि फोटो काढला. डाग चार बोटं डावीकडे गेला होता.

म्हणजे डाग पाटीबरोबर चालत होता. मी पाटी खाचेतून ओढून काढली आणि उलटी केली. काळ्या पाटीच्या मधोमध, तेलात कालवलेल्या शेंदराचा ठसठशीत टिळा.

मी हसले की रडले, मला नीट सांगता येणार नाही. शेंदूर म्हणजे शिसं. किरण अडवायला आमच्या भिंतींना जे शिसं लागतं, तेच. कुंकू लावलं असतं तर काहीही दिसलं नसतं. आणि शेंदूर लावणारी बाई कोण, तर दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवणारी, की शेंदरात शिसं असतं, लेकरांच्या तोंडात जाऊ देऊ नका!

मी पाटी घेऊन तशीच त्यांच्या महाविद्यालयात गेले. त्या उंदरांना दाणे घालत होत्या. मी पाटी उलटी करून पुढे धरली. त्यांनी बघितलं आणि खालीच बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी शिकवते हो हे. मीच शिकवते."

मी विचारलं, खालून का लावला?

"तुमी हसाल म्हणून. आन न्हाई, तेवढंच न्हाई. तुमच्या अक्कानं सकाळी आपल्या मशीनसाठी हात जोडले. त्यांचं घर जाळलं, तरी जोडले. मला वाटलं, आपण तसंच कसं जायचं. पण तुमच्या पुढं माझा देव वरून लावायचा मला हिय्या झाला न्हाई. म्हणून खालून लावला."

मी त्यांच्या शेजारी बसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, आठवडाभर माझी झोप उडवली होती. पण आला नाही. मी म्हटलं, रावसाहेबांना सांगायचं नाही. फोटो धुताना खराब झाले म्हणून सांगू. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही, ते मला कळलं नाही.

गुरुवारी रावसाहेब आले, कोटासकट. मी पाटी स्पिरिटनं पुसून ठेवली होती. लंगड्या उंदराचा नवा फोटो त्यांच्यासमोर काढला. कणा स्वच्छ. पायाची गाठ हैदराबादच्या फोटोपेक्षा लहान आणि घट्ट, हाड जवळजवळ सरळ. तोच उंदीर, तोच पाय, दोनेक आठवड्यांनंतर. मी हे परभणीत बसून बघत होते. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी सांगून टाकते: गर्व. निर्भेळ, भरपूर गर्व.

रावसाहेबांचं लक्ष मात्र टेबलाच्या कोपऱ्याकडे गेलं. आधीचे फोटो मी उचलायचे विसरले होते. त्यांनी एक उचलून उजेडाशी धरला. "ये क्या है?"

मी तोंड उघडलं. विभागप्रमुखांनीही उघडलं. देशमुखबाई पुढे आल्या, पदर खांद्यावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "वो मेरा है, साब." आणि सगळं सांगितलं. मारुती सांगितला, शेंदूर सांगितला, खालून का लावला तेही सांगितलं. जाळलेल्या घराचं तेवढं अक्काचं म्हणून ठेवलं, ते सांगितलं नाही.

रावसाहेबांनी फोटो खाली ठेवला. मग त्यांनी शेंदूर आहे का विचारलं. एक विद्यार्थी धावत जाऊन घेऊन आला. त्यांनी स्वतःच्या करंगळीनं पाटीच्या कडेला एक टिकली लावली, अगदी तिळाएवढी, आणि म्हणाले, फोटो काढा. काढला. तिळाएवढा ठिपका लख्ख पांढरा उमटला. रावसाहेब तो फोटो बराच वेळ बघत राहिले.

"मशीन अच्छा है," ते म्हणाले. "और चलाने वाले भी. गलती छुपाते नईं, ऐसे लोगां के पास चीज बाँट के चलती. यहीं रहने दो इसको."

त्यांना आमच्या अक्काच्या हातची आमटी खायला घालायची माझी इच्छा होती, पण त्यांची गाडी होती. देशमुखबाईंनी बरोबर भाकरी बांधून दिल्या, परातीएवढ्या.

आता आठवड्याचे दिवस वाटून घेतले आहेत. वैद्यकीयवाले डॉक्टर त्यांचे उंदीर एसटीनं आणतात आणि कंडक्टरशी तिकिटावरून वाद घालतात. आमचे दिवस मध्येच एकमेकींत सरकतात, त्यावरून माझं आणि देशमुखबाईंचं भांडण होतं. नामांतरावरूनही होतं, आता मोठ्यानं होतं. त्यांचं अजून मला पटत नाही आणि माझं त्यांना निम्मं पटतं. लंगडा उंदीर म्हातारा होऊन आपल्या मरणानं मेला. परभणीत हाडाचा अभ्यास झालेला आणि तरीही म्हातारा झालेला तो पहिला उंदीर. अक्का येऊन मशीन बघून गेली. तिनं फोटो खिडकीशी धरला, मग पिंजऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "समदं आतलं दिसतंय, आन हा तर खायलाय."

गेल्या आठवड्यात नवीन तुकडी आली. पहिल्या दिवशी आम्ही दोघी मिळून शिकवतो. भिंतीवर दोन फोटो लावले आहेत, एक स्वच्छ कण्याचा, एक टिळ्याचा. दरवर्षी कुणीतरी विचारणारच, तसं पाथरीकडच्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, की मॅडम, या उंदराच्या पोटात हे काय आहे, आणि कुणी ठेवलं?

तो प्रश्न माझा नाही. देशमुखबाई खडू खाली ठेवतात, वर्गाकडे बघतात आणि म्हणतात, "मी."